पासवर्ड बदलला, तरी मेल चोराकडेच

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीचे पैसे कोल्हापूरच्या पार्टीने चुकते केले, पण गेले भलत्याच खात्यात. खातं बदलल्याचा मेल फौंड्रीच्याच पत्त्यावरून, जुन्या बिलाला जोडून आला होता. शंका येणार कशी?

सुरुवात फौंड्रीतल्या अकाउंट्सच्या टेबलावर झाली. कोटेशनची लिंक उघडताच मायक्रोसॉफ्ट ३६५ चं हुबेहूब लॉगिन पान आलं. तिथे पासवर्ड टाकला, मोबाइलवरचा कोडही टाकला. ते पान दोन्ही गोष्टी खऱ्या सर्व्हरला पोचवतं आणि परत येणारं सेशन टोकन (लॉगिन झाल्याचा डिजिटल पास) स्वतःकडे ठेवून घेतं. म्हणून ओटीपी असूनही चोर आत शिरतो.

आत शिरून त्याने दोन रूल लावले, म्हणजे आलेल्या मेलचं आपोआप काय करायचं त्याचे नियम. ‘पेमेंट’ शब्द असलेला मेल थेट आरएसएस फीड्स फोल्डरमध्ये जाई. तिथे कोण बघतंय! दुसऱ्या रूलने प्रत्येक मेलची प्रत बाहेर जाई.

गडबड कळल्यावर नुसता पासवर्ड बदलला. रूल तसेच राहिले, प्रती जातच राहिल्या. पुढची उत्तरं चोराने मिळत्याजुळत्या डोमेनवरून (पत्त्यातला @ नंतरचा भाग) दिली: इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारीशेजारी. मोबाइलवर फरक दिसतच नाही. दुसरं पेमेंटही गेलं.

अशा वेळी आधी साइन-इन ब्लॉक करा, सगळी सेशन्स रद्द करा, मगच पासवर्ड बदला. नंतर लॉगिनचा कोड देणारे अनोळखी ऑथेंटिकेटर काढा (चोर स्वतःचा फोन जोडून ठेवतो), रूल आणि फॉरवर्डिंग तपासा, परवानगी दिलेली अनोळखी ॲप्स काढा. साइन-इन लॉग त्याच दिवशी उतरवून घ्या. फुकटच्या प्लॅनमध्ये ते सातच दिवस राहतात. सर्ट-इनला (सायबर घटनांसाठीची केंद्र सरकारची संस्था) ६ तासांत कळवावं लागतं.

पैसे ज्याच्या खात्यातून गेले त्याने लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा, आपल्या बँकेलाही कळवावं. तक्रार बेळगावात की कोल्हापुरात, या वादात तास घालवू नका; १९३० देशभर एकच आहे.

तिघांत एक लॉगिन आणि कोड एकाच्या फोनवर, ही पद्धत आजच बंद करा. बाहेरचं ऑटो-फॉरवर्डिंग ॲडमिनमधूनच बंद ठेवा. अकाउंट्सवाल्यांना आणि मालकांना पासकी (पासवर्डऐवजी फोन किंवा कॉम्प्युटरमध्ये साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा यूएसबी सिक्युरिटी की द्या; ती साइटचा पत्ता जुळल्याशिवाय चालतच नाही, म्हणून नकली पानावर फसत नाही. आणि खातं बदलल्याचा मेल आला, तर जुन्या छापील बिलावरच्या नंबरवर फोन करून विचारा, त्या मेलमधल्या नंबरवर नाही.