रेकॉर्डर बॉक्स दुरुस्त करायला कोणाला घरी बोलावताय? आधी हे वाचा

मी फोंड्याला राहते. माझे ७,८०० रुपये गेले, ते एक वेळ सोडून देईन. पण हार्डडिस्क गेली, ती सुटत नाही, म्हणून लिहितेय.

जूनमधल्या गडगडाटात रात्री दोनदा वीज गेली-आली आणि सकाळी टीव्हीचा रेकॉर्डर बॉक्स बंद. एकही दिवा नाही. त्यात आमच्या ह्यांचं नाट्यगीत होतं. आयुष्यभर देवळांच्या उत्सवात नाटकांतून गायले, दूरदर्शनवर एकदाच संधी मिळाली, अकरा मिनिटं. ते गेल्यापासून दर रविवारी मी ती लावायची. म्हणून त्या सकाळी मला धीर नव्हता. नेटवर कंपनीचं नाव टाकलं आणि सगळ्यांत वर आलेला नंबर फिरवला. फसवणारे असले खोटे नंबर कंपनीच्या नावाने नेटवर पेरून ठेवतात. कंपनीचा खरा नंबर बिलावर किंवा तिच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्येच बघा, शोधून काढू नका.

तासाभरात पोरगा हजर. गळ्यात ओळखपत्र, तोंडात "काकी, काकी". त्याने प्लग काढला, परत लावला आणि म्हणाला, "मदरबोर्ड उडालाय, डिस्कपण गेली असणार."

अडॅप्टरवर बारीकसा हिरवा दिवा असतो. तो पेटलेला नव्हता. मी पाहिलं, विचारलंसुद्धा, "अरे, हा दिवा का लागत नाही?" "तो असाच असतो, काकी." आणि मी गप्प बसले! बॉक्सपर्यंत वीजच पोचत नाही, तर आतलं काय जळलं हे त्याला कळलं कसं? वीज तपासायचा मीटर पिशवीतून बाहेर आलाच नाही. आजही रात्री तो न पेटलेला दिवा डोळ्यांसमोर येतो.

"मडगावला वर्कशॉपमध्ये न्यावा लागेल" म्हणून बॉक्स घेऊन गेला. चार दिवसांनी आणला, सुरू होता. घरी येण्याचे ३५०, मदरबोर्ड २,८५०, हार्डडिस्क ३,४००, जुनं रेकॉर्डिंग नव्या डिस्कवर घेण्याचे १,२००. पैसे आधी मागितले, यूपीआयवर, भलत्याच नावाच्या खात्यात. पावती म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक फोटो, त्यावर ना पत्ता ना जीएसटी क्रमांक. तो गेल्यावर रेकॉर्डिंगची यादी उघडली. रिकामी. फोन केला तर, "जुनी डिस्क जळाली होती, फेकून दिली." त्यानंतर फोन बंद.

मग कंपनीचा खरा माणूस बोलावला. बोर्ड मूळचाच निघाला, डिस्क कुठलीतरी जुनी वापरलेली. फक्त अडॅप्टर नवा होता. या बॉक्समधलं रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं, ते त्याच बॉक्सवर चालतं, दुसऱ्या डिस्कवर घेताच येत नाही, हेही तेव्हा कळलं. म्हणजे १,२०० रुपये ज्या कामाचे घेतले ते काम होण्यासारखंच नव्हतं. मुलगा पुण्याहून म्हणाला, "आई, मला विचारायचंस." विचारलं असतं रे. पण घरात कंपनीचं ओळखपत्र घातलेला माणूस उभा असताना कोण फोन करत बसतं?

पोलीस स्थानकात गेले तर म्हणे, "बाई, पैसे तुम्हीच दिलेत ना? ही ग्राहक तक्रार." सायबरवाल्यांकडे गेले तर, "तो घरी आला होता, हे ऑनलाइन नाही." पहिल्या ठिकाणी परतले तर, "बॉक्स मडगावला नेला म्हणता, मग मडगावला जा." फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे आणि हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय. मी कागद छापून नेला होता. पोलिसाने तो न वाचताच माझ्याकडे सरकवला. भर पावसात तीन फेऱ्या, आणि हातात साध्या पोचपावतीचा शिक्कासुद्धा नाही! बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. हो, टाकला. काम झालं असं वाटलं म्हणून टाकला.

पैसे गेल्याचं कळताच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला, फोन करा. मी नऊ दिवसांनी केला, तोवर खातं रिकामं. आणि एकही दिवा लागत नसेल तर आधी दुसरा अडॅप्टर लावून बघा, मात्र व्होल्ट जुन्यावर लिहिलेत तेवढेच हवेत. दुकानात तो ४५० रुपयांना मिळतो. बॉक्स घराबाहेर जाऊ देऊ नका. द्यावाच लागला तर आतल्या डिस्कवरच्या क्रमांकाचा फोटो काढा आणि काढलेला प्रत्येक भाग हातात मागून घ्या, जळालेला असला तरी.

तो पोरगा हे वाचत असेल तर त्याला सांगते. ती डिस्क दुसऱ्या कुठल्याही बॉक्सवर गाणार नाही. फेकली नसशील, पुसली नसशील, तर पैसे ठेव आणि ती माझ्या दारात आणून टाक. घर तुला माहीत आहे.