देणगीची पावती आणि आधीच भरलेला तक्ता

आम्ही घाईघाईत फसलो असे म्हणता आले असते, तर निदान तेवढे समाधान वाटले असते. पण आईला ठेवण्यापूर्वी मी, माझी पत्नी आणि पुण्याहून मुद्दाम आलेली थोरली बहीण अशा तिघांनी ते घर दोनदा पाहिले होते, पुष्कळ प्रश्न विचारले होते, आणि तरीही आठ आठवड्यांनी आईला तेथून रुग्णवाहिकेत घालून बाहेर काढावे लागले. घरातील वडीलधाऱ्या माणसाला शुश्रूषेसाठी कुठेतरी ठेवण्याची वेळ ज्यांच्यावर येईल, त्यांना आमच्या चुका आधीच ठाऊक असाव्यात म्हणून हे लिहीत आहे. संस्थेचे नाव देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.

आई ७८ वर्षांची. गेल्या वर्षी जूनमध्ये, पाऊस नुकताच लागलेला असताना, डिचोली तालुक्यातील आमच्या घराच्या शेवाळलेल्या पायरीवरून ती घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, शस्त्रक्रिया झाली आणि ती चांगली झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या: वॉकर धरून रोज थोडे चालवायचे, आणि अंथरुणात एकाच अंगावर पडून राहू द्यायचे नाही. मी शाळेत, पत्नी बँकेत. दिवसा पाहायला ठेवलेली बाई पंधरा दिवसांत दोनदा बदलली आणि रात्री आईला उचलताना माझी कंबर धरली. तेव्हा एका परिचितांनी बार्देशातील हे घर सुचवले.

वृद्धाश्रम म्हटले की गोव्यातील जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे प्रोव्हेदोरियाची सरकारी घरे येतात. या घराच्या फलकावर मात्र 'नर्सिंग होम' असे होते, आणि तो शब्दच पहिला फसवा निघाला. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टर आणि परिचारिका असलेले लहान इस्पितळ असे आपण गृहीत धरतो. अशा आस्थापनांच्या नोंदणीसाठी गोव्यात २०१९ चा कायदा आहे, त्याखालील प्रमाणपत्र दाखवा, एवढे एक वाक्य आम्ही उच्चारले असते तर पुढचे बरेच टळले असते, कारण तसे प्रमाणपत्र तिथे नव्हतेच. कार्यालयाच्या भिंतीवर चौकटीत लावलेला कागद हा न्यासाच्या नोंदणीचा होता. आम्ही त्याची चौकट पाहिली, मजकूर वाचला नाही.

आम्ही काय पाहिले? लखलखीत फरशी, तेवत असलेली समई, मोठ्या खोलीत दूरदर्शनपुढे बसलेली सात-आठ म्हातारी माणसे, आणि व्यवस्थापक बाईंचे बोलणे. 'काकींना आम्ही आमची आई समजू,' असे त्या म्हणाल्या तेव्हा बहिणीच्या डोळ्यांत पाणी आले. दोन्ही वेळा आम्ही गेलो ते त्यांनी दिलेल्या वेळेला, सकाळी अकराला, म्हणजे आंघोळी उरकून चादरी बदललेल्या असताना. मागच्या बाजूला अंथरुणाला खिळलेल्यांची जी खोली होती, ती 'आता ते झोपलेत' म्हणून दारातूनच दाखवली गेली. सकाळी अकरा वाजता सगळेच्या सगळे झोपलेले कसे, हे आम्हा तिघांपैकी एकालाही खटकले नाही. आमची आई त्या मागच्या खोलीत जाणार होती, आणि आम्ही पारखत राहिलो पुढची खोली.

महिन्याचे ३२,००० रुपये ठरले, त्यात चोवीस तास प्रशिक्षित नर्स. डायपर, फिजिओथेरपी आणि हवेच्या गादीचे भाडे वेगळे. शिवाय १,००,००० रुपये अनामत, 'निघताना परत'. त्यातील ६०,००० धनादेशाने आणि ४०,००० रोख मागितले गेले. पावती हाती आली तिच्यावर अनामत हा शब्द नव्हता, 'देणगी' असे छापलेले होते. विचारल्यावर बाई हसून म्हणाल्या, 'न्यासाच्या पावत्या अशाच असतात, उलट तुम्हाला आयकर कायद्याच्या ८०जी कलमाची करसवलत मिळेल.' एक लाख परत मिळणार आणि वर करसवलतही मिळणार, हे एकाच वेळी खरे असू शकत नाही, हे गणिताच्या शिक्षकाला कळायला हवे होते. मी गणितच शिकवतो.

भेटीची वेळ फक्त रविवारी चार ते सहा. आम्ही गेलो की आई उशीला टेकवून बसवलेली, केस विंचरलेले, अंगाला पावडरीचा वास. ती फारशी बोलत नसे आणि आम्ही त्याला शस्त्रक्रियेचा शीण समजत होतो. मधेच एकदा मी पेला पुढे केला, तर तिने मान फिरवली आणि 'उदक नाका' एवढेच म्हणाली. पत्नीने व्यवस्थापक बाईंना आई सुकल्यासारखी दिसते असे सांगितले, तेव्हा या वयात भूक कमी होतेच, असे उत्तर मिळाले. ते उत्तर इतके साधे होते की आम्ही ते घरी घेऊन आलो.

मग चवथ आली. घरी पाच दिवसांचा गणपती, गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी बांधायला मीच एकटा, त्यामुळे त्या आठवड्यात आम्ही फक्त अर्धा तास, नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा घेऊन जाऊन आलो. घराघरांतून सगळे आपापल्या गावी जातात ते हे दिवस, आणि शुश्रूषा करणाऱ्या मुलींनाही घर असते, हा विचार तेव्हा आमच्या मनात आला नाही.

विसर्जनानंतरच्या मंगळवारी म्हापशाला काम निघाले आणि परतताना, न कळवता, दुपारी तीनच्या सुमारास मी तिथे गेलो. पहारेकऱ्याने फाटकावर थांबवून आत फोन लावला, पण पाऊस इतका कोसळत होता की मी थांबलो नाही, सरळ मागच्या खोलीत गेलो.

पलंगाच्या पायथ्याशी तक्ता अडकवलेला होता. रविवारी तो कधी दिसला नव्हता. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद होती: डावी, पाठ, उजवी, पुन्हा डावी. पुढे पाण्याचे प्रमाण, लघवी, डायपर आणि शेवटी सही. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटे झाली होती आणि तक्ता रात्री दहापर्यंत भरलेला होता. चारची कूस, सहाचे पाणी, आठचे जेवण 'पूर्ण घेतले', सगळे एकाच निळ्या पेनाने, एकाच तिरप्या अक्षरात. सह्या तेवढ्या तीन वेगवेगळ्या नावांच्या होत्या. मी मोबाइलवर त्याचा फोटो घेतला, पाठीमागच्या भिंतीवरचे घड्याळ त्यात येईल असा. आज आमच्या तक्रारीचा मुख्य आधार तोच आहे.

आई पाठीवर होती. पांघरूण उचलले तर डाव्या टाचेवर रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग होता. तिला कुशीवर वळवताना जो वास आला त्याचे वर्णन करीत नाही. महिना ३,००० रुपये भाड्याच्या हवेच्या गादीचा पंप पलंगाखाली होता, त्याची वायर त्याच्याभोवती नीट गुंडाळलेली आणि तिच्यावर धूळ बसलेली. पाण्याचा तांब्या हात पोचणार नाही अशा कपाटावर काठोकाठ भरलेला होता. कपाटात नेवऱ्यांचा डबा होता, मी बांधलेल्या दोऱ्याच्या गाठीसकट.

खोलीत होती ती जेमतेम वीस वर्षांची एक मुलगी. तिला दोष देण्याची माझी इच्छा नाही. ती नर्स नव्हती, कसलाही अभ्यासक्रम केलेला नव्हता, आणि ती बारा तासांची पाळी करीत होती. 'दादा, सकाळी आल्या आल्या तक्ता भरून ठेवायला सांगतात,' असे ती अगदी सरळपणे म्हणाली, जणू तो कामाचाच एक भाग होता. रात्री बावीस जणांमागे एकच बाई असे आणि चवथीच्या दोन रात्री तीही नव्हती, फक्त स्वयंपाकीण आणि पहारेकरी होते, हेही तिनेच सांगितले.

त्याच संध्याकाळी आईला म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात हलवले. माकडहाडावरील जखम तिसऱ्या पायरीची आहे, असे तेथील डॉक्टरांनी सांगितले आणि समजावूनही दिले. शय्याव्रणाची, म्हणजे एकाच अंगावर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी म्हणजे कातडी शाबूत, पण अंगठ्याने दाबल्यावरही न फिटणारा लालसरपणा. दुसरीत वरची कातडी जाते, तिसरीत खालची चरबी उघडी पडते, चौथीत जखम स्नायू-हाडापर्यंत पोचते. पहिल्या पायरीवर कूस बदलून, अंग कोरडे ठेवून, टाचा उशीवर अधांतरी ठेवून ते थांबवता येते. म्हणजे कोणीतरी आईची पाठ रोज पाहत असते तर हे कळायला एखादा दिवस पुरला असता. गोमेकॉतून निघताना तिचे वजन ५१ किलो होते, आता ते साडेपंचेचाळीस भरले. महिन्याभरात पाच टक्के घट ही धोक्याची खूण मानतात आणि इथे दोन-अडीच महिन्यांतच दहा टक्क्यांहून अधिक वजन उतरले होते. आठ आठवड्यांत तिला एकदाही काट्यावर उभे केले किंवा बसवले गेले नव्हते.

पाण्याचा उलगडा तिसऱ्या दिवशी झाला, सलाइनने ती जरा हुशारल्यावर. रात्री डायपर एकदाच बदलत आणि ओला झाला म्हणून ओरडत, म्हणून तिने दुपारनंतर पाणी पिणेच सोडले होते. हे कोणी तिला सांगितले नव्हते. तिने आपणहून काढलेला तो उपाय होता, आणि त्यातूनच लघवीचा संसर्ग होऊन ती अधूनमधून बरळत होती. आम्ही त्याला वय म्हणत होतो.

हिशेब मागाहून तपासला. बिलात दिवसाला चार डायपर लावलेले होते, वापरलेले दोन. फिजिओथेरपीच्या २४ बैठका, प्रत्येकी ५०० प्रमाणे १२,००० रुपये. आणि आम्ही नवा घेऊन दिलेला वॉकर परत आला तेव्हा त्याच्या चारही रबरी टोकांवर दुकानाचे चिकटपट्टीचे लेबल तसेच होते. एक पाऊल टाकले असते तरी ते फाटले असते.

अनामतीचे विचारले तर 'ती देणगी होती, देणगी परत करता येत नाही' असे लेखी उत्तर आले. ते पत्र आमच्या हिशेबतपासनिसांना दाखवले तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. सेवेच्या मोबदल्यात दिलेली रक्कम ही ८०जीखालची देणगी होतच नाही, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलतच नाही. म्हणजे करसवलतीचे आमिष दोन्ही बाजूंनी पोकळ होते. पैसे सेवेसाठी दिले हे नाकारता यावे, एवढाच त्या पावतीचा उपयोग. सुदैवाने मासिक बिले 'शुश्रूषा शुल्क' म्हणून निघालेली होती आणि अनामत परत देण्याविषयीचा व्यवस्थापक बाईंचा एक व्हॉट्सअ‍ॅप संदेश बहिणीने पुसून टाकलेला नव्हता.

काहींनी ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखालील न्यायाधिकरणाकडे जा असे सुचवले, त्यात आमचे दोन आठवडे गेले. ते न्यायाधिकरण मुलांनी वा वारसदार नातेवाइकांनी निर्वाह न चालवल्याबद्दलच्या अर्जांसाठी आहे, अशा संस्थेकडून पैसे वसूल करून देण्यासाठी नव्हे. सेवेतील त्रुटीसाठी मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. माणूस अजून आतच असेल आणि हाल होत असतील तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनी आहे. आम्हाला ती माहीत झाली तोवर आई बाहेर आली होती.

जखम भरायला चार महिने लागले. त्या काळात आईला पुन्हा कुठे ठेवायचे का म्हणून मी आणखी दोन घरे पाहिली, आणि या खेपेला फरशीकडे पाहिले नाही. रात्रपाळीची हजेरीवही मागितली, नर्सचा परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारला, अंथरुणावरच्या माणसांची मागच्या तीन महिन्यांची वजने विचारली, आणि आता किती जणांना शय्याव्रण आहेत हे थेट विचारले. एका ठिकाणी 'आमच्याकडे कधीच होत नाहीत' असे उत्तर मिळाले, तिथून मी उठलो. दुसऱ्या ठिकाणच्या सिस्टरांनी दोघांना आहेत, एकजण इस्पितळातूनच घेऊन आला, असे सांगून मलमपट्टीची वही पुढे केली, आणि तिच्यातल्या नोंदी त्या घटकेपर्यंतच होत्या, पुढची पाने कोरी होती. जागा मात्र रिकामी नव्हती. सध्या आई घरीच आहे, दोन पाळ्यांच्या दोन बायका आहेत, खर्च पूर्वीपेक्षा जास्त येतो, आणि दर रविवारी मी तिला काट्यावर बसवतो.

गेल्या महिन्यात पत्नीच्या बँकेतील एका सहकारी बाईंनी आपल्या सासऱ्यांसाठी एक माहितीपत्रक आणून दाखवले. समई, फरशी, सगळे तेच होते. मी त्यांना काहीच सांगितले नाही, फक्त पैसे भरण्यापूर्वी एकदा रात्री साडेआठला, हवे तर आदल्या दिवशी कळवून, मागची खोली पाहायला जा असे म्हटले. त्या कळवून गेल्या, नवऱ्याला सोबत घेऊन. फाटक उघडले नाही.