आधी काय बदलावं: स्कूटर की शेगडी?

आपल्या घरात आयात केलेलं इंधन मुख्यतः दोन ठिकाणी जळतं, स्कूटरच्या टाकीत आणि गॅसच्या शेगडीवर. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, आणि एलपीजीसुद्धा निम्म्याहून अधिक. दोन्ही एकदम बदलायची ऐपत नसेल, तर माझं मत स्कूटरच्या बाजूने आहे.

रोज वीसेक किलोमीटर फिरणाऱ्याचे महिन्याला साधारण ५०० किलोमीटर होतात. लिटरला ४५ चं मायलेज धरलं तर ११ लिटर पेट्रोल. एक लिटर जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे महिन्याला २५ किलो. इलेक्ट्रिक स्कूटरला तेवढ्याच अंतराला १५ ते १८ युनिट पुरतात. आपली वीज बहुतांशी कोळशाची, युनिटमागे जवळपास ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. तरी बेरीज १२-१३ किलोच्या पुढे जात नाही. तेलही सुटलं, धूरही निम्म्यावर आला. खर्च हजारावरून दोनशेच्या आसपास येतो.

शेगडीचं गणित मात्र फसवं आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करायला सव्वाशेच्या आसपास युनिट लागतात, म्हणजे ८५-९० किलो. आयात घटली, पण कार्बन दुप्पट झाला! शिवाय महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या वर दर जवळपास दुप्पट होतो, त्यामुळे बिनसबसिडीचा सिलिंडरही स्वस्त वाटायला लागतो. ‘गॅस सोडा, वीज वापरा’ म्हणणारे हे सहसा सांगत नाहीत.

त्यात रोजच्या कटकटी आहेतच. गोल बुडाची कढई चालत नाही, ॲल्युमिनियमचा जुना कुकर चालत नाही (बुडाला फ्रिजवरचं चुंबक लावून बघा, चिकटलं तरच घ्या). फुलका तव्यावरून काढून जाळावर टाकायची सवय असेल तर इंडक्शनसमोर हात आखडतो. भाकरीचंही तेच. लाइट गेली की चहासुद्धा नाही. त्यामुळे सिलिंडर परत करायची घाई नको. इंडक्शन घ्यायचाच तर दुसरी शेगडी म्हणून घ्या. दूध, चहा, डाळ त्यावर छान होते.

छतावर सोलर असेल तर हे सगळं पालटतं. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि एक किलोवॉट महिन्याला साधारण १००-१२० युनिट देतो. बंगला किंवा रो-हाउस असलेल्यांनी शेगडी जरूर बदलावी. स्वतःचं छत आणि स्वतःचं पार्किंग ज्यांना आहे, पहिली पाळी त्यांचीच. तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूला जबाबदारीचे धडे देण्यात अर्थ नाही.

त्या भाडेकरूला स्कूटर हवीच असेल तर बॅटरी काढून घरात नेता येते अशीच बघावी. नाहीतर चार्जिंग पॉइंटसाठी सोसायटीच्या मीटिंगमध्ये वर्ष जातं, तेही कमिटी चांगली असेल तर. आणि रोजचं जाणं-येणं चार-पाच किलोमीटरचंच असेल, तर नव्या गाडीचा हप्ता वसूल व्हायला फार वर्षं लागतील. आहे ती चालवा आणि जमेल तेव्हा बस पकडा.