पाडव्याला उबुदच्या घरी

२०२३ चा पाडवा, २२ मार्च, आम्ही दोघांनी बालीत उबुदजवळच्या एका होमस्टेत काढला. यंदा दारात गुढी नाही म्हणून बेळगावातून निघताना मन खात होतं. तिथं इबूनं (घरच्या बाईला इबू म्हणतात, म्हणजे आई) भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. त्यांचंही नवं वर्ष त्याच दिवशी, शक १९४५! आमच्या शहापुरातल्या घरी पंचांगावर तोच आकडा. मी तिचा हातच धरला.

घर म्हणजे आपला वाडाच. अंगणाभोवती सुट्या सुट्या खोल्या, ईशान्य कोपऱ्यात घरचं देऊळ. एके सकाळी इबूनं मला चनांग करायला बसवलं, म्हणजे रोज देवापुढं ठेवायची फुलांची टोपली. नारळाच्या झावळीची कोवळी पाती मुडपायची आणि बांबूच्या काडीनं टाचायची. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, आई अशाच काडीनं पत्रावळी टाचायची, त्यामुळं दुसऱ्या टोपलीलाच हात बसला. फुलं मात्र दिशेप्रमाणं लागतात: पूर्वेला पांढरी, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळी, उत्तरेला निळी नाहीतर हिरवी. माझी लाल फुलं चुकली, तर तिनं सगळी उचलायला लावून पुन्हा मांडून घेतली. पाहुणी म्हणून चालवून घेतलं नाही, हे मला फार आवडलं.

नव्या वर्षाच्या आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह, म्हणजे राक्षसांचे अक्राळविक्राळ पुतळे. बांबूच्या चौकटीवर पोरं ते खांद्यावर नेतात आणि चौकात तीनदा उलटे फिरवतात. शिवजयंतीचे चित्ररथ बघत वाढलेली मी, तरी अंगावर काटा आला.

मग सकाळी सहापासून चोवीस तास न्येपी, म्हणजे त्यांचा नव्या वर्षाचा दिवस. विस्तव नाही, दिवा नाही, काम नाही, करमणूक नाही, घराबाहेर पाऊल नाही. मोबाइलचं इंटरनेट बंद, विमानतळसुद्धा बंद. रस्त्यावर फक्त पेचालांग, गावचे राखणदार. इबूनं भात-भाजी आदल्या दिवशीच करून ठेवलेली. रात्री अंगणात बसलो तर आभाळ चांदण्यांनी भरलेलं, आणि इतकी शांतता की लांबच्या ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं.

तक्रार आहे ती आमच्या एजंटाबद्दल. नेमक्या २२ तारखेला त्यानं गाडी करून तीन देवळं दाखवायचं ठरवून आगाऊ पैसे घेतले होते. ते बुडाले. तारीख स्वतः तपासा, कारण न्येपी दरवर्षी पाडव्यालाच येत नाही. २०२४ मध्ये ती ११ मार्चला होती आणि आपला पाडवा ९ एप्रिलला.

खोलीत एसी नाही, डास आहेत. शाकाहारी असाल तर सांबलमध्ये, म्हणजे तिथल्या तिखट चटणीत, तेरासी, म्हणजे कोळंबीचं वाटण, नको असं आधीच सांगा. आमच्या पहिल्या जेवणात ते आलंच. तेव्हा दोघांचे रोजचे १,८०० रुपये पडले, नाश्त्यासकट. तरी परत तिथंच उतरेन.

सोबत नेलेला कुंदा इबूला दिला. तिनं आधी देवळात ठेवला, मग घरातल्या पोरांना वाटला.