पहिली फुल कुठे करावी? चॅलेंज रोथ की आयर्नमॅन: आयोजनाची तुलना

गोव्याची आयर्नमॅन 70.3 (अर्ध्या अंतराची ट्रायथलॉन) पूर्ण झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आता फुल, म्हणजे पूर्ण अंतराची ट्रायथलॉन, कुठे? आयर्नमॅन मालिकेची पूर्ण अंतराची शर्यत भारतात होत नाही, म्हणजे व्हिसा, विमान आणि सायकलची पेटी आलीच. अंतर सगळीकडे तेच: 3.8 किमी पोहणं, 180 किमी सायकल, 42.2 किमी धावणं. बदलतं ते आयोजन, आणि मेडल गळ्यात पडतं की नाही हे बरेचदा त्यावरच ठरतं. जर्मनीतल्या न्युर्नबर्गजवळची चॅलेंज रोथ आणि आयर्नमॅन मालिका (उदाहरणादाखल हॅम्बर्ग) यांची ही तुलना पहिली फुल ठरवणाऱ्यांसाठी आहे.

आधी कटऑफ बघा

रोथची वेळमर्यादा 15 तास आहे. आयर्नमॅनच्या बऱ्याच शर्यतींत 17 तास मिळतात. युरोपात काही ठिकाणी 16, तर काही ठिकाणी 15. त्यामुळे नावावर न जाता त्या वर्षीचं ॲथलीट गाइड उघडा.

समजा, पोहायला 1 तास 45 मिनिटं लागतात (100 मीटरला साधारण पावणेतीन मिनिटं). दोन्ही ट्रान्झिशन (पोहण्यातून सायकलवर आणि सायकलवरून धावण्यावर जाताना कपडे-सामान बदलणं) मिळून 20 मिनिटं. सायकल ताशी 24 किमीने, म्हणजे साडेसात तास. मॅरेथॉन किलोमीटरला 8 मिनिटांनी, म्हणजे 5 तास 37 मिनिटं. बेरीज 15 तास 12 मिनिटं. हाच खेळाडू 17 तासांच्या शर्यतीत निवांत फिनिशर ठरतो आणि रोथला 12 मिनिटांनी बाद होतो. यात पंक्चर नाही, पोटाची तक्रार नाही, शौचालयासमोरची रांगही नाही. मिलिंद सोमण यांनी 2015 मध्ये झुरिकची आयर्नमॅन 15 तास 19 मिनिटांत पूर्ण केली होती. ती वेळ रोथच्या मर्यादेत बसली नसती. सरावातल्या वेगावरून काढलेला अंदाज 14 तासांच्या पुढे जात असेल, तर पहिल्या फुलसाठी रोथ नको, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मधले कटऑफही तितकेच महत्त्वाचे. आयर्नमॅनमध्ये साधारणपणे पोहण्याला 2 तास 20 मिनिटं आणि सायकल संपेपर्यंत साडेदहा तास असतात. हा वेळ तुमच्या घोट्यावरच्या वेळ नोंदवणाऱ्या चिपच्या सुरुवातीपासून मोजतात की घड्याळाच्या ठरावीक वेळेवर रस्ता बंद करतात, हे आधीच बघून ठेवा. रांगेत मागे उभ्या राहणाऱ्याला त्याचा फटका बसतो.

सुरुवात आणि पाणी

आयर्नमॅनमध्ये बहुतेक ठिकाणी रोलिंग स्टार्ट असतो: अंदाजे वेळेच्या फलकामागे उभं राहायचं आणि दर काही सेकंदांनी मोजके जण पाण्यात उतरतात. धक्काबुक्की कमी होते. अडचण अशी, की फलक स्वतःच निवडायचा असतो. हळू पोहणारे पुढे घुसले की पहिल्या वळणावर कोंडी होते. रोथमध्ये सुमारे 200 जणांचे गट पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सुटतात. गर्दी आटोक्यात राहते, पण गटातली पहिली दोन-तीन मिनिटं लाथा-कोपर सोसावेच लागतात.

रोथचं पोहणं माइन-डॅन्यूब कालव्यात. जहाजवाहतूक शर्यतीपुरती थांबवतात. लाटा नाहीत, दिशा चुकायला जागा नाही. काठ बघत पोहत राहायचं. मिरामारच्या समुद्रात सराव केलेल्याला हे फार सोपं वाटेल. फक्त गोव्यात वेटसूट (थंड पाण्यासाठीचा घट्ट रबरी पोशाख) लागत नाही आणि इथे बहुधा लागतो, म्हणून नवाकोरा वेटसूट थेट शर्यतीत घालू नका. मान आणि काखा सोलून निघतात.

हॅम्बर्गचं पोहणं शहराच्या मधोमध आल्स्टरमध्ये. 2018 मध्ये निळ्या-हिरव्या शेवाळामुळे तिथे पोहणंच रद्द झालं आणि त्याऐवजी 6 किमी धावायला लावलं. आयोजकांचा निर्णय योग्यच होता. पण वर्षभर पोहण्यावर घाम गाळलेल्याला ते शल्य राहणारच. शहरातल्या साचलेल्या पाण्यात उन्हाळ्यात ही शक्यता धरूनच चाला.

सायकल: खरी कसोटी आयोजकांची

सपाट रस्ता, अनेक फेऱ्या आणि हजारो स्पर्धक एकत्र आले की ड्राफ्टिंग (पुढच्याच्या मागे चिकटून वाऱ्याचा आडोसा घेणं) अटळ होतं. आयर्नमॅनचा नियम हौशींसाठी 12 मीटरचा आहे, पुढच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत. ओव्हरटेक करायला 25 सेकंद आणि ड्राफ्टिंगला पाच मिनिटांची शिक्षा. पण रस्त्यावर प्रत्येकाला 12 मीटर मिळतीलच इतकी जागा नसेल, तर प्रामाणिक खेळाडूही झुंडीत अडकतो. हॅम्बर्गवरचा मोठा आक्षेप हाच. जून 2023 मध्ये तिथे चित्रीकरणाची मोटरसायकल समोरून येणाऱ्या स्पर्धकावर आदळली आणि मोटरसायकलस्वाराचा मृत्यू झाला. अरुंद रस्ता, दुतर्फा स्पर्धक आणि त्यात मोटरसायकली, ही मांडणीच धोक्याची होती. मार्गाचा नकाशा बघताना दोन्ही दिशांची वाहतूक एकाच रस्त्यावर किती किलोमीटर आहे, हे जरूर मोजा.

रोथच्या मार्गावर दोन फेऱ्या आणि भरपूर चढ-उतार आहेत. चढांवर घोळके आपोआप फुटतात. सोलारर बर्गच्या चढावर प्रेक्षक इतके दाटतात की सायकलपुरती वाट उरते; अंगावर काटा येतो, आणि नेमके तिथेच लोक ठरवलेले वॅट (पेडलवर लावायची ताकद) विसरून जोर लावतात. हौशी खेळाडूला इतका आदर देणारं गाव दुसरं सापडणं कठीण. रोथमध्ये रिले संघही त्याच मार्गावर असतात. ताज्या पायांचे सायकलस्वार सणसणत बाजूने जातात, तेव्हा उजवी बाजू सोडू नका.

ट्रान्झिशन आणि सामान

रोथमध्ये सायकल कालव्याजवळ उभी करायची आणि ती संपते रोथ गावात. दोन जागा, म्हणजे आदल्या दिवशीची धावपळ दुप्पट. सोबत आलेल्या घरच्यांनाही दोन ठिकाणं समजावून ठेवावी लागतात. पहाटे कालव्याकडे गाड्यांची रांग लागते, म्हणून वेळेचं गणित सैल ठेवा. हॅम्बर्गला सगळं शहरात, हॉटेलपासून चालत जाण्याजोगं. पण ट्रान्झिशनची पट्टी खूप लांब आहे. सायकलचे बूट घालून तेवढं पळणं त्रासाचं, ते पेडलवरच अडकवलेले बरे.

आयर्नमॅनच्या पिशव्यांची पद्धत सोपी: निळी सायकलची, लाल धावण्याची, पांढरी शर्यतीनंतरच्या कपड्यांची. मधल्या वाटेवर स्वतःचं खाणं ठेवायची वेगळी पिशवी मात्र प्रत्येक शर्यतीत मिळत नाही. थेपले किंवा खजूर-लाडूवर सराव केला असेल, तर हे आधी विचारा. नाहीतर जर्सीच्या खिशात जागा करा. चिप डाव्या घोट्यावर बांधा, उजव्या बाजूला चेन असते.

नोंदणी

रोथची ऑनलाइन नोंदणी उघडल्यावर काही क्षणांत संपते. एक वाट शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी तिथेच रांगेत उभं राहण्याची, दुसरी परवानाधारक प्रवास कंपन्यांच्या पॅकेजची, ती महाग पडते. आयर्नमॅनमध्ये पर्याय भरपूर आहेत. पण पैसे भरण्यापूर्वी परतावा आणि पुढे ढकलण्याच्या अटी शब्दन् शब्द वाचा, विशेषतः व्हिसा नाकारला गेला तर काय, हे. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जून-जुलैच्या शर्यतीसाठी भेटीची वेळ लवकर घ्या. जागतिक अजिंक्यपदाची जागा मिळवायची असेल, तर आयर्नमॅनशिवाय मार्ग नाही. रोथमधून कोनाचं (हवाईतल्या जागतिक अजिंक्यपदाचं) तिकीट मिळत नाही.

म्हणून अंदाजे वेळ 14 तासांच्या आत असेल, चढांवर सराव असेल आणि वर्षभर आधी नियोजन करता येत असेल, तर रोथ. वेळ त्याहून जास्त असेल, तर 17 तासांची आयर्नमॅन निवडा, आणि तीही कमी फेऱ्यांची, रुंद रस्त्यांची.