हातातला फीटल डॉपलर: पावसाळाभर वापरल्यावर

गगनबावड्याकडच्या एका उपकेंद्रात मी नर्स आहे. पावसाच्या तोंडावर पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकवणारा हा डॉपलर हाती आला, आता थंडी पडलीय. आधी पोटाला नळी लावून ठोके मोजायचो. पण पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की नळीतून काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. आता स्पीकरवर आईलाही ऐकू येतं. एक आजी तर म्हणाल्या, "पळतंय की गं घोड्यागत!" शिवाय नळीने साधारण पाचव्या महिन्यात ठोके लागतात, याने तिसरा महिना सरतानाच.

हा हृदयाचा थेट आवाज नव्हे. प्रोबमधून, म्हणजे पोटावर टेकवायच्या भागातून, २ ते ३ मेगाहर्ट्झच्या, कानाला न कळणाऱ्या लहरी जातात आणि हलत्या हृदयावर आपटून परततात. हालचालीमुळे त्यांच्या वारंवारतेत जो फरक पडतो, तोच आवाज होऊन येतो. म्हणून आईच्या रक्तवाहिन्याही तितक्याच जोरात वाजतात.

खरी मेख इथे आहे. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६०. पण यंत्र कधीकधी आईचेच ७० ठोके दुप्पट मोजून १४० दाखवतं. स्क्रीनवरच्या आकड्यावर मी विसंबत नाही. पोट चाचपून बाळाची पाठ शोधते, प्रोब तिथे टेकवते, दुसरा हात आईच्या नाडीवर. आवाज नाडीबरोबर पडला तर ते बाळ नव्हे, आकडा काहीही असो. कळा सुरू असतील तर कळ ओसरताच घड्याळ लावून मिनिटभर ऐकते. ठोके मंदावून सावरत नसतील तर ते तेव्हाच कळतं, आणि पुढे पाठवायला उशीर होत नाही.

तक्रार एकच: प्रोबच्या बुडाशी वायर सैल झालीय, खरखर येते. प्रोब वेगळा बदलून मिळतो का, हे घेतानाच विचारा.

ऑनलाइन मागवून घरी वापरू का, असं मुली विचारतात. माझं उत्तर: ठाम नकार. बाळाची हालचाल मंदावली असताना घरी ठोके ऐकून निश्चिंत होणं फार धोक्याचं. त्या घडीला ठोके लागले, तरी बाळ अडचणीत असू शकतं. दवाखान्यात एनएसटीचे (नॉन-स्ट्रेस टेस्ट, बाळाच्या ठोक्यांची तपासणी) पट्टे बांधून निदान २० मिनिटं आलेख काढतात, हालचालीसरशी ठोके वाढतात का ते बघतात. हे घरच्या यंत्राला जमत नाही. हालचाल कमी वाटली तर रात्र असो, धो धो पाऊस असो, सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा.