ऊब जमिनीतून घ्यावी की हवेतून?

न्यू जर्सीतल्या भाच्याची घर तापवणारी, तेलावर चालणारी जुनी भट्टी यंदा मोडीत निघतेय. आता तो दोन हीट पंपांमध्ये (विजेवर चालून बाहेरची उष्णता घरात आणणारी यंत्रं) अडकलाय: जमिनीतून उष्णता ओढणारा जिओथर्मल घ्यावा, की बाहेरच्या हवेतून ओढणारा?

खर्चात सामना एकतर्फी आहे. हवेचा पंप साधारण पंधरा-वीस हजार डॉलरांत बसतो. जिओथर्मलला पाइप पुरायच्या बोअरसकट दुप्पट सहज लागतात. ३० टक्क्यांची केंद्रीय करसवलतही २०२५ अखेर संपली, तेव्हा जुन्या जाहिरातींतले हिशेब विसरायचे.

विजेच्या बाबतीत मात्र पारडं फिरतं. तिथे खोलवर जमीन बारमाही १२-१३ अंशांवर असते. आपल्या विहिरीचं पाणी थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार लागतं, तेच गणित. बाहेर उणे दहा असताना हवेच्या पंपाला त्या गारठ्यातूनच ऊब उपसावी लागते, वर यंत्रावर साचलेला बर्फही वितळवायचा. एका युनिट विजेमागे तेव्हा दोनेक युनिट उष्णता हाती येते. जमिनीतला पंप साडेतीनच्या आसपास देत राहतो. उन्हाळ्यात तोच घरातली उष्णता जमिनीत सोडतो.

टिकण्याचं म्हणाल तर हवेचा पंप पंधरा वर्षं, जिओथर्मलचं घरातलं यंत्र वीस-पंचवीस आणि पुरलेले पाइप पन्नास. पण अंगणाची धूळधाण होते, ती वेगळीच.

पाच-सात वर्षांत घर विकायचं असेल, किंवा बोअरचं यंत्र आत येण्याइतकी जागाच नसेल, तर हवेचाच घ्यावा. भाचा तिथे म्हातारा होणार असेल तर खणावं.